बोझांकेटची पेटी आणि बावीस श्रुति

गाण्याची बैठक सुरू होण्यापूर्वीं पेटीवाला गवयाला पहिला प्रश्न विचारतो तो पट्टीचा. कोणी काळी एक सांगतो, कोणी पांढरी चार, कोणी काळी पांच. या एका शब्दाच्या उत्तरानें पेटीवाल्याच्या बोटांचें सारें गणित पालटून जातें. यमन तोच, त्याचे स्वर तेच, ऐकणाराच्या कानाला होणारा आनंदही तोच. परंतु षड्ज पांढऱ्या पट्टीवरून काळ्या पट्टीवर गेला कीं गांधार कोठें, निषाद कोठें, आंगठा कोणत्या बोटाखालून काढावयाचा, याचा हिशेब हाताला नव्यानें करावा लागतो. बारा षड्जांकरितां बारा निरनिराळ्या वाटा हातांत बसविल्यावांचून कोणी चांगला पेटीवाला झालेला नाहीं.

ही अडचण वाजविणाराची झाली. दुसरी अडचण ऐकणाराची आहे व ती अधिक सूक्ष्म आहे. तंबोरा उत्तम जुळला आणि त्याची जवारी नीट लागली म्हणजे खर्जाच्या तारेंतून गांधार आपोआप ऐकूं येतो, हा अनुभव गाण्याची आवड असलेल्या घरांत नवा नाहीं. त्या गांधाराशीं पेटीचा गांधार लावून पाहिला तर तो किंचित् चढा निघतो. किती चढा, हें सांगण्याला एक सोयीचें माप आहे. अलेक्झांडर एलिस या इंग्रज पंडितानें १८८५ सालीं एका सप्तकाचे १२०० सारखे भाग कल्पिले व प्रत्येक भागाला सेंट असें नांव दिलें. या मापानें तंबोऱ्यांतून निघणारा गांधार षड्जापासून सुमारें ३८६ सेंटांवर असतो. बारा सारख्या भागांत लावलेल्या पेटीचा गांधार बरोबर ४०० वर असतो. पंचमांत मात्र फरक अगदीं थोडा. खरा पंचम सुमारें ७०२ वर, पेटीचा ७०० वर. म्हणजे पेटी पंचमांत जवळजवळ खरें बोलते आणि गांधारांत, धैवतांत, निषादांत मात्र उघड उघड चुकते.

ही चूक पेटी बांधणाराच्या हाताची नव्हे; ती अंकगणिताची आहे. षड्जापासून पंचम, त्या पंचमाला षड्ज मानून त्याचा पंचम, असें बारा वेळां चढत गेल्यास सात सप्तकें ओलांडून मनुष्य पुन्हां षड्जाच्या दारांत येतो, पण नेमका षड्जावर येत नाहीं. सुमारें २३ १/२ सेंट पुढें जातो. स्वरांचें वर्तुळ अशा रीतीनें मिटतच नाहीं. हा उरलेला तुकडा बारा पंचमांवर सारखा वांटून दिला कीं वर्तुळ मिटतें. पाश्चात्यांच्या पियानोनें हेंच केलें, आणि पियानोच्या मागोमाग आलेल्या पेटीनेंही तेंच स्वीकारलें. वर्तुळ मिटविण्याची किंमत म्हणून गांधार गमावला.

वाजविणाराची अडचण एक, ऐकणाराची दुसरी. वरवर पाहतां दोहोंचा कांहीं संबंध दिसत नाहीं. परंतु एकाच युक्तीनें दोन्ही दूर करतां येतात, हें एका इंग्रज विद्वानानें १८७० नंतरच्या थोड्याच वर्षांत दाखवून दिलें. ती युक्ति म्हणजे पट्ट्यांची एकेरी रांग मोडून त्यांचा बुद्धिबळाच्या पटासारखा घरांचा फलक मांडणें.

त्यापूर्वीं या दिशेनें प्रयत्न झाले नव्हते असें नाहीं. इटलींतील निकोला व्हिचेंतिनो यानें १५५५ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत अशा एका वाद्याचें वर्णन केलें आहे कीं, ज्यांत एका सप्तकाला ३६ पट्ट्या होत्या व त्या दोन मजल्यांवर बसविलेल्या होत्या. इंग्लंडांत जनरल पेरोनेट थॉम्प्सन यानें एका सप्तकांत ४० स्वर देणारा ऑर्गन बांधविला आणि तो १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनांत लोकांपुढें ठेवला. पण या सर्व वाद्यांचें दुखणें एकच होतें. खरे स्वर मिळावेत म्हणून पट्ट्या वाढविल्या, पण त्या जेथें जागा मिळाली तेथें घातल्या. जुनी काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची मांडणी तशीच ठेवून तिच्या फटींत नवे स्वर कोंबले. परिणाम असा झाला कीं, वाजविणाराची पहिली अडचण कमी न होतां तिप्पट चौपट झाली. गांधार खरा झाला, पण तो शोधावयाचा कोठें, हें प्रत्येक षड्जाला निराळें.

रॉबर्ट हॉलफर्ड मॅक्डॉवल बोझांकेट याचा जन्म १८४१ चा व मृत्यु १९१२ चा. ऑक्सफर्ड येथील सेंट जॉन्स कॉलेजचा तो फेलो होता. गणित, पदार्थविज्ञान व संगीत या तिन्ही शास्त्रांत त्याची गति होती. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ याचा नादशास्त्रावरील प्रसिद्ध ग्रंथ १८६३ सालीं बाहेर पडला होता आणि स्वरांचा खरेपणा हा विषय विद्वानांच्या चर्चेचा झाला होता. बोझांकेटनें प्रश्नाची बाजूच पालटली. अमुक स्वर कोठें घालावा असें न विचारतां, ज्या मांडणींत कोणत्याही दोन स्वरांतलें अंतर नेहमीं एकाच दिशेला व एकाच लांबीवर सांपडेल अशी मांडणी कोणती, असें त्यानें विचारलें.

त्याचें उत्तर डोळ्यांपुढें आणणें कठीण नाहीं. एक चौकोनी फलक कल्पावा. डावीकडून उजवीकडे जावें तसा स्वर चढत जातो. हें आपल्या पेटीप्रमाणेंच. सप्तकाचे बारा उभे रकाने पाडावेत. आतां वाजविणारापासून दूर, म्हणजे फलकाच्या मागच्या बाजूस, जाण्याला एक नवा अर्थ द्यावा. प्रत्येक खरा पंचम पियानोच्या पंचमाहून केसभर चढा असतो. म्हणून पंचमाची पट्टी सात रकाने उजवीकडे तर बसवावीच, पण त्याबरोबर ती केसभर मागेंही सरकवावी. त्या पंचमाचा पंचम आणखी केसभर मागें. असें बारा वेळां करून, मधलीं सप्तकें उतरून घेतलीं, म्हणजे पट्टी पुन्हां षड्जाच्याच रकान्यांत येते, पण मूळ षड्जाच्या अगदीं पाठीमागें, एक पूर्ण घर दूर. वर्तुळ मिटत नाहीं म्हणून जो उरलेला तुकडा शास्त्रकारांना त्रास देत होता, त्याला बोझांकेटनें वांटून टाकलें नाहीं. त्याला राहण्यासाठीं घर दिलें.

या एका नियमानें सर्व फलक भरून निघतो, आणि त्यांतून ज्या गोष्टी आपोआप निष्पन्न होतात त्या पाहण्यासारख्या आहेत. षड्ज, ऋषभ, मध्यम व पंचम हे चार स्वर एकमेकांशीं पंचमाच्या नात्यानें बांधलेले असल्यामुळें ते एकाच किंचित् तिरप्या ओळींत येतात. गांधार मात्र दोन प्रकारचा मिळतो. चार वेळां पंचम चढून जो गांधार येतो तो सुमारें ४०८ सेंटांचा, म्हणजे पेटीच्याही गांधाराहून चढा. तंबोऱ्याचा गोड गांधार त्याच्याच रकान्यांत, पण बरोबर एक घर अलीकडे, वाजविणाराच्या बाजूस असतो. धैवताचें व निषादाचेंही तसेंच. तेव्हां शुद्ध स्वरांचें सप्तक म्हणजे या फलकावरची एक ठराविक आकृति झाली: सा, रे, म, प मागच्या ओळींत, आणि ग, ध, नी एक घर पुढें. ही आकृति बोटांना एकदां समजली कीं षड्ज कोठेंही घ्यावा, आकृति बदलत नाहीं. काळी एक, पांढरी चार, काळी पांच या सगळ्या भानगडी संपल्या. ऐकणाराला खरा गांधार मिळाला आणि वाजविणाराला बारा वाटांऐवजीं एकच वाट पुरे झाली.

हा केवळ कागदावरचा बेत राहिला नाहीं. लंडनच्या टी. ए. जेनिंग्ज या कारागिराकडून बोझांकेटनें १८७२-७३ च्या सुमारास साडेचार सप्तकांची एक हार्मोनियम बांधवून घेतली. तिच्या प्रत्येक सप्तकांत ८४ पट्ट्या होत्या: बारा रकाने आणि प्रत्येक रकान्यांत सात पट्ट्या. स्वर मात्र त्रेपन्नच. उरलेल्या पट्ट्या म्हणजे त्याच स्वरांची पुनरुक्ति होती, हेतु एवढाच कीं वाजवितां वाजवितां हात फलकाच्या कडेशीं येऊन अडूं नये. तिचें वर्णन व तिच्यामागचें गणित त्यानें लंडनच्या विद्वत्सभांपुढें मांडलें आणि १८७६ सालीं स्वरांतरांवर एक ग्रंथ लिहून तें सर्वांना खुलें केलें. ही हार्मोनियम पुढें लंडनच्या सायन्स म्यूझियमच्या संग्रहांत दाखल झाली.

त्रेपन्न हा आंकडा त्यानें कां निवडला, याला इतिहास आहे. इसवी सनापूर्वींच्या पहिल्या शतकांत जिंग फांग या चिनी पंडितानें पंचमावर पंचम चढवीत जाऊन असें पाहिलें होतें कीं, त्रेपन्नाव्या पायरीला स्वर जवळजवळ मूळ जागीं येतो. सतराव्या शतकांत युरोपांत मर्केटर या गणितज्ञानें हीच गोष्ट पुन्हां शोधली. त्रेपन्न पंचम व एकतीस सप्तकें यांतला फरक चार सेंटांहूनही कमी आहे. म्हणून सप्तकाचे त्रेपन्न सारखे भाग केले तर एकतिसाव्या भागावरचा पंचम कानाला पूर्ण खरा वाटतो, आणि सतराव्या भागावरचा गांधार दीड सेंटाच्या आंत खरा असतो.

परंतु बोझांकेटच्या फलकाचें खरें महत्त्व त्रेपन्न या आंकड्यांत नाहीं. पट्ट्यांची मांडणी तीच ठेवून केवळ आंतले सूर बदलले तर सप्तकाचे निराळे विभागही त्याच फलकावर वाजवितां येतात. उदाहरणार्थ, हॉलंडच्या ह्यूगेन्सनें १६९१ सालीं पुरस्कारिलेली एकतीस भागांची योजना घ्यावी. तिच्यांत पंचम पियानोहूनही किंचित् उतरा असतो, पण चार पंचमांनीं येणारा गांधार थेट तंबोऱ्याच्या गांधाराजवळ, ३८७ सेंटांवर, पडतो. येथें मागें जाण्याचा अर्थ चढण्याऐवजीं उतरणें असा होतो. फलक तोच, नियम तोच, फक्त चिन्ह उलटें. मांडणी आणि लावणी या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, हा विचार संगीतवाद्यांच्या इतिहासांत इतक्या स्वच्छपणें यापूर्वीं मांडला गेला नव्हता.

येथपर्यंतची कथा इंग्लंडची. पण १८७७ सालीं बोझांकेटनें रॉयल सोसायटीच्या कार्यवृत्तांत एक निबंध प्रसिद्ध केला; त्याचा विषय होता हिंदूंचे सप्तकविभाग. भारतीय शास्त्रकार सप्तकाच्या बावीस श्रुति मानतात, ही गोष्ट त्याच्या कानांवर आली होती. त्यानें त्या बावीस श्रुति सारख्या आहेत असें धरून चालून हिशेब केला. सारख्या श्रुतींत प्रत्येकीचें माप सुमारें ५४ १/२ सेंट होतें. आपल्या ग्रंथांत षड्ज-पंचमाचें अंतर तेरा श्रुतींचें सांगितलें आहे. त्या हिशेबानें पंचम ७०९ सेंटांवर जातो, म्हणजे सात सेंट चढा. सात श्रुतींचें अंतर ३८२ सेंटांचें होतें, म्हणजे गांधार चार पांच सेंट उतरा. बारा पंचम चढल्यावर जो तुकडा उरतो तो त्रेपन्नाच्या योजनेंत एका घराचा होता, या योजनेंत दोन घरांचा होतो. अशा प्रकारच्या योजनांना त्यानें वरच्या श्रेणीच्या योजना असें नांव दिलें. बंगालच्या राजा सौरींद्रमोहन ठाकूर यांनीं हिंदु संगीतावरील पाश्चात्यांचे लेख एकत्र करून जो संग्रह काढला त्यांत हा निबंधही घेतला, आणि अशा रीतीनें ऑक्सफर्डचें गणित हिंदुस्थानांत पोंचलें.

बावीस श्रुति सारख्या धरण्यांत बोझांकेटनें गणिताची सोय पाहिली. परंतु श्रुति सारख्या कीं असमान, हा प्रश्न आपल्याकडे मोठ्या वादाचा झाला. मूळ वचन भरताच्या नाट्यशास्त्रांतलें. त्यांत षड्जग्रामाच्या श्रुति सांगितल्या आहेत त्या चार, तीन, दोन, चार, चार, तीन, दोन अशा. त्या मोजण्यासाठीं भरतानें जो प्रयोग दिला आहे तो बोझांकेटच्या फलकाशेजारीं ठेवून पाहण्यासारखा आहे. दोन वीणा अगदीं सारख्या लावाव्यात. एक तशीच राहूं द्यावी. दुसरीचा पंचम एक श्रुति उतरवावा आणि मग तिचे बाकीचे सर्व स्वर त्याच बेतानें उतरवून घ्यावेत. म्हणजे सबंध वीणा एक श्रुतीनें खालीं आली. असेंच पुढें करीत गेल्यावर दुसऱ्या खेपेस तिचे गांधार-निषाद पहिल्या वीणेच्या ऋषभ-धैवतांत मिळून जातात, तिसऱ्या खेपेस ऋषभ-धैवत षड्ज-पंचमांत मिळतात, आणि चौथ्या खेपेस उरलेले तीन स्वर आपापल्या खालच्या स्वरांत लीन होतात. दोन, तीन आणि चार श्रुतींचा हिशेब असा कानानेंच सिद्ध होतो. येथेंही सप्तकाची आकृति मोडत नाहीं. ती आहे तशी उचलून दुसरीकडे ठेविली जाते आणि कोठें काय जुळतें तें पाहिलें जातें. एकानें हें तारांवर केलें, दुसऱ्यानें पट्ट्यांच्या फलकावर.

तेराव्या शतकांत देवगिरीच्या यादव राजा सिंघणाच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवानें संगीतरत्नाकरांत हा प्रयोग अधिक विस्तारानें सांगितला. त्यानें वीणेला बावीस तारा कल्पिल्या, प्रत्येक तार आधीच्या तारेहून इतकीच चढी कीं दोहोंच्या मध्यें तिसरा नाद बसूं नये. म्हणजे प्रत्येक श्रुतीला स्वतंत्र घर देण्याची कल्पना महाराष्ट्राच्या भूमीवर सातशें वर्षांपूर्वींच लिहून ठेवलेली होती.

या परंपरेला विसाव्या शतकाच्या आरंभीं पुन्हां जाग आली ती याच प्रांतांत. निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनीं ताणलेल्या तारेवर लांबी मोजून गवयांच्या स्वरांचीं प्रमाणें काढण्यास सुरुवात केली. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ यांच्यासारख्या सुरेल गवयाचा गळा त्यांच्या प्रयोगास लाभला. १९१० सालीं देवलांनीं हिंदु स्वरसप्तक व बावीस श्रुति या विषयावर इंग्रजींत पुस्तक प्रसिद्ध केलें. त्यांच्या मतें श्रुति सारख्या नाहींत. प्रत्येकीचें स्वतंत्र प्रमाण आहे आणि तें साध्या अपूर्णांकांनीं सांगतां येतें. सिव्हिल सर्व्हिसमधील न्यायाधीश अर्नेस्ट क्लेमेंट्स यांना हें मत पटलें व त्यांनीं १९१३ सालीं भारतीय संगीताच्या अभ्यासावर आपला ग्रंथ लिहिला. दोघांच्या पुढाकारानें लंडनच्या मूर आणि मूर या कारखान्याकडून श्रुतींच्या स्वतंत्र सुरांची एक हार्मोनियम तयार करून घेण्यांत आली.

देवलांचा हेतु थोर होता. त्या काळीं पेटी घरोघर, देवळांत, नाटकगृहांत पसरत चालली होती. तिला हांकलून देणें शक्य नाहीं. तर निदान तिला खरें बोलावयास शिकवावें, असा त्यांचा विचार होता. सरकारी नोकरींतून मोकळा झालेला एक गृहस्थ, पेन्शनीचीं वर्षें विसांव्यांत न घालवितां, मोजमापाच्या तारा ताणून गवयांच्या दारीं बसतो, हें दृश्यच त्या पिढीच्या निष्ठेची साक्ष देण्यास पुरेसें आहे.

१९१६ सालीं बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या आश्रयाखालीं पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. पंडित विष्णु नारायण भातखंडे हे तिचे प्राण होते. तेथें श्रुतींची हार्मोनियम पुढें मांडण्यांत आली. पण जमलेल्या गवयांच्या व शास्त्रकारांच्या पसंतीस ती उतरली नाहीं. कोणाच्या मतें पट्टींतून निघणारी श्रुति गळ्याच्या श्रुतीशीं मिळत नव्हती. कोणाला बावीस श्रुतींचीं कायमचीं मापें ठरविणेंच मान्य नव्हतें. भातखंड्यांनीं स्वतः बारा स्वर व दहा थाट यांवर आपल्या पद्धतीची इमारत उभारली, श्रुतींच्या अपूर्णांकांवर नव्हे. देवलांच्या श्रमांना शास्त्रचर्चेंत स्थान मिळालें, परंतु त्यांची पेटी बैठकींत आली नाहीं.

पेटीवरचा राग मात्र वाढतच गेला. दिल्लीच्या नभोवाणी केंद्रावर पाश्चात्य संगीताचें काम पाहणारे संगीतकार जॉन फोल्ड्स यांनीं १९३८ सालीं तिच्याविरुद्ध कडक लेख लिहिला. हे तेच फोल्ड्स, ज्यांनीं आपल्या रचनांत अर्ध्या स्वराहूनही लहान अंतरांचा उपयोग केला होता. रवींद्रनाथ ठाकुरांचेंही मत तिच्याविरुद्ध होतें. शेवटीं १ मार्च १९४० पासून ऑल इंडिया रेडिओनें आपल्या केंद्रांवर हार्मोनियमला बंदी केली, आणि ती १९७१ सालीं अंशतः उठेपर्यंत टिकली. ज्या महाराष्ट्रांत गोविंदराव टेंबे यांच्यासारख्या कलावंतानें पेटीला मैफलींत मान मिळवून दिला, तेथील वादकांना तीस वर्षें रेडिओचें दार बंद राहिलें. बंदीचें एक मोठें कारण तिचे बेसूर बारा स्वर हें सांगण्यांत येई. तो दोष कसा दूर करावा याचें एक उत्तर बडोद्यास चोवीस वर्षांपूर्वीं मांडलें गेलें होतें, याची आठवण फारशी कोणाला राहिली नव्हती.

तथापि आक्षेप घेणारांची बाजू पोकळ नव्हती. पट्टी दाबली कीं स्वर उभा राहतो आणि सोडली कीं मरतो. दोन पट्ट्यांच्या मध्यें जाण्याला वाट नाहीं. आपल्या गाण्यांत स्वर जितका महत्त्वाचा तितकाच एका स्वरावरून दुसऱ्यावर जाण्याचा मार्ग महत्त्वाचा. मींड, गमक, आंदोलन हीं सर्व त्या मार्गावरचीं स्थानें आहेत. बावीस काय, त्रेपन्न किंवा चौऱ्यायशीं पट्ट्या दिल्या तरी जिने वाढतात, उतरण तयार होत नाहीं. शिवाय गवयाचा गळा अपूर्णांकांना बांधलेला नसतो. १९६३ सालीं नझीर जैराझभॉय व ए. डब्ल्यू. स्टोन यांनीं उत्तर हिंदुस्थानी संगीतांतील स्वरांचीं यंत्रानें घेतलेलीं मापें प्रसिद्ध केलीं. त्यांत एकाच नांवाच्या स्वराची जागा वादकागणिक बदलते आणि एकाच वादनांतही हलते, असें आढळून आलें. मग ठाम बावीस घरें आंखण्यांत अर्थ काय, असा प्रश्न साहजिकच उभा राहतो.

याचें उत्तर बोझांकेटच्या फलकांतच आहे असें म्हणतां येईल. फलक हा कायदा नव्हे, नकाशा आहे. नकाशावर गांवें दाखविलीं म्हणून मधल्या वाटा बुजत नाहींत, आणि प्रवासी गांवाच्या वेशीजवळ थांबला म्हणून गांव खोटें ठरत नाहीं. कोणता गांधार पंचमाच्या नात्यानें आला व कोणता तंबोऱ्याच्या नात्यानें, दोहोंत अंतर किती, कोणता धैवत कोणत्या ऋषभाशीं संवाद करील, हें एकाच दृष्टिक्षेपांत दाखविणारें दुसरें साधन मिळणें कठीण. देवलांच्या पेटीवरचा वाद ती गळ्याची जागा घेईल काय, या प्रश्नावर अडकला. तिच्याकडून स्वरांचे संबंध शिकावेत, हा प्रश्न त्या गर्दींत कोणी फारसा विचारला नाहीं.

इकडे युरोप-अमेरिकेंतही ही कल्पना बहुमताच्या बाहेरच राहिली. हंगेरीच्या पाउल फॉन यांको यानें १८८२ सालीं सहा ओळींच्या पट्ट्यांच्या पियानोचें पेटंट घेतलें. त्यानें बाराच स्वर ठेवले, पण एकाच बोटांनीं सर्व षड्ज वाजतील अशी सोय केली; म्हणजे त्यानें वाजविणाराची अडचण सोडविली, ऐकणाराची तशीच ठेवली. कांहीं काळ त्याचा बोलबाला झाला आणि मग तें वाद्यही मागें पडलें. कारण उघड आहे. ज्यांनीं जुन्या पट्ट्यांवर आयुष्य घालविलें त्या शिक्षकांनीं नवें शिकावें कां, ज्या वाद्याला शिक्षक नाहीं तें कोणी विकत घ्यावें कां, आणि ज्याला गिऱ्हाईक नाहीं तें कारखानदारानें बांधावें कां? या तीन प्रश्नांच्या फेऱ्यांत कित्येक चांगल्या कल्पना अडकून पडतात.

तरी ती मेली नाहीं. हॉलंडचे पदार्थविज्ञानवेत्ते आद्रियान फोकर यांनीं ह्यूगेन्सच्या एकतीस भागांचा ऑर्गन बोझांकेटच्या धर्तीच्या फलकासह बांधविला, आणि तो १९५० सालीं हार्लेम येथील टायलर म्यूझियममध्यें सुरू झाला. २००९ पासून तो ॲम्स्टरडॅमच्या एका संगीतगृहांत आहे. अमेरिकेंत १९७० नंतरच्या दशकांत मोटोरोला कंपनीच्या स्केलाट्रॉन या विद्युत्वाद्याला जॉर्ज सीकर यांच्या योजनेप्रमाणें असाच फलक जोडण्यांत आला. एकविसाव्या शतकांत ल्यूमाटोन नांवाचें वाद्य निघालें. त्यावर मधाच्या पोळ्यासारखीं षट्कोनी २८० बटनें आहेत आणि प्रत्येक बटनाला वाटेल तो स्वर व वाटेल तो रंग देतां येतो. बोझांकेटला सूर बदलण्यासाठीं कारागीर बोलवावा लागे. येथें तें काम बसल्या जागीं होतें. मांडणी आणि लावणी या स्वतंत्र गोष्टी आहेत, हें त्याचें तत्त्व अशा रीतीनें दीडशें वर्षांनीं पूर्णपणें हातांत आलें. महाराष्ट्रांतही देवलांचा प्रश्न नव्यानें हातीं घेतला गेला, डॉ. विद्याधर ओक यांनीं बावीस श्रुतींची हार्मोनियम तयार केली, तिच्यांत षड्ज व पंचम अचल आणि बाकीच्या दहा स्वरांना प्रत्येकीं दोन श्रुति, अशी योजना आहे.

बोझांकेटची हार्मोनियम संग्रहालयांत गेली, देवलांची पेटी बैठकीपर्यंत पोंचली नाहीं. पण दोघांनीं विचारलेला प्रश्न जुना झालेला नाहीं, आणि तो विचारण्यासाठीं मोठ्या यंत्राचीही गरज नाहीं. संध्याकाळीं घरांत तंबोरा जुळवून झाला म्हणजे क्षणभर गाणें थांबवावें, खर्जाच्या तारेंतून उमटणारा गांधार कानांत धरावा आणि मग पेटीवरचा गांधार हलकेच दाबावा. दोहोंच्या मध्यें जी थोडीशी थरथर ऐकूं येते, तिच्यांत चौदा सेंटांचा हा सारा इतिहास आहे. त्या थरथरीला घर मिळावें म्हणून एकानें फलक आंखला आणि दुसऱ्यानें तारा मोजल्या.